मेळघाटातला खोटा जावई

देवाला सगळं शक्य आहे, असं मी गावोगाव लोकांना सांगत फिरत होतो. पण त्या वर्षी वऱ्हाडात रिकामी बैलगाडी मिळवून देणं देवाला तरी जमेल का, याची मला खरोखर शंका होती. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला होता की माणसं झोपेतसुद्धा कापूसच बोलत. गाडीवानांचा रुबाब तर विचारूच नका. काल-परवापर्यंत ज्यांना कुणी रामराम घालत नव्हतं, त्यांच्या बैलांच्या शिंगांवर आता पितळी शेंब्या चमकत होत्या. आणि नेमक्या अशा वर्षी, ऐन वेचणीच्या दिवसांत, मेळघाटाच्या जंगलात आमचे पाद्री साहेब तापाने फणफणून पडले होते. त्यांना खाली एलिचपूरच्या छावणीतल्या डॉक्टरपर्यंत पोचवलं नाही तर ते जगणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. गाडी मिळत नव्हती ही एक अडचण झाली. दुसरी अडचण होती मी स्वतः बोललेलं एक खोटं. त्याच खोट्याची ही हकीकत आहे. ती लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण तिच्यात माझी शोभा फारशी नाही.

मी मूळचा माळ्याचा. अमरावतीजवळच्या एका गावात आमचा मळा होता. वांगी, मिरच्या, मेथी, बांधावर झेंडू. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा मला देवी आल्या. घरच्यांनी आशा सोडली होती. तेव्हा कुठून कसं कळलं कोण जाणे, अमरावतीचे पाद्री साहेब रोज सकाळी चालत येत आणि माझ्या बाजेजवळ बसून मला चमच्याने पाणी पाजत. मी बरा झाल्यावर त्यांना विचारलं, की साहेब, तुम्हाला माझ्या रोगाची भीती नाही वाटली? ते म्हणाले, "वाटली. फार वाटली." या एका उत्तरावर मी त्यांचा झालो. येशूचा त्यानंतर, हळूहळू झालो. माझी बायको सारजाही माझ्याबरोबर ख्रिस्ती झाली. ती आपल्या मनाने आली की माझ्यावर पहारा ठेवायला आली, हे तिने अजूनपर्यंत सांगितलेलं नाही.

साहेबांनी मला उपदेशक केलं खरं, पण उपदेश करणं हे माझं काम नव्हतं. चार माणसं समोर बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. साहेबांची अडचण उलटी होती. ते मराठी एका पुण्याच्या शास्त्र्यांकडून शिकले होते. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, आणि त्यामुळेच आमच्या वऱ्हाडात ते कुणाला कळत नसे. "आपण मजकडे लक्ष द्यावे" असं ते बाजारात उभं राहून म्हणत आणि बाया विचारत, हा साहेब काय विकून राहिला? म्हणून मी त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांच्या मराठीचं वऱ्हाडी करून सांगायचो. आमचा धर्मप्रसार असा दोन मराठींमधून चालायचा.

मेळघाटात जायचं साहेबांच्या मनाने घेतलं, ते तिथल्या कोरकू लोकांविषयी ऐकून. सारजा अमरावतीलाच राहिली. मिशनच्या शाळेतल्या मुलींचा स्वयंपाक तिच्याकडे होता. साहेब आणि मी घाट चढलो, सेमाडोहच्या पुढे सिपना नदी ओलांडली आणि बारा-पंधरा झोपड्यांच्या एका वस्तीवर पोचलो. दोन ओळींत समोरासमोर बांधलेली कुडाची घरं, मधला रस्ता आरशासारखा झाडलेला. वस्तीचा पटेल पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस होता. आपसात ते लोक कोरकू बोलत, पण बाजारासाठी घाट उतरत असल्यामुळे वऱ्हाडी त्यांना चांगली येत होती. झाडाखाली सगळे जमले. साहेब उभे राहिले आणि त्यांनी त्यांचं सगळ्यात आवडतं प्रवचन केलं. देव हा थोर राजा, त्याचा पुत्र हा वर, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं ही त्याची वधू. आम्ही त्या वराचे दास, वधूच्या शोधार्थ आलो आहोत. आम्ही आपली सेवा करू, मोबदला घेणार नाही.

हे सगळं मी वऱ्हाडीत सांगितलं. काय सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "आमी नवरी पाहाले आलो. तुमच्या घरी सेवा करू. मजुरी नाही मागनार." राजाचं आणि पुत्राचं काय झालं म्हणाल, तर ते माझ्या चिकटलेल्या जिभेवरच राहून गेले.

 बायांमध्ये खसखस पिकली. पटेलाने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, माझे हात हातात घेऊन उलटसुलट केले, तळव्यांवरचे घट्टे दाबून पाहिले आणि विचारलं, "किती वर्सं?"

साहेबांना वाटलं, किती दिवस राहणार असं तो विचारतो आहे. त्यांनी आनंदाने मला सांगितलं की पाच-सात वर्षे तरी राहू. मी म्हणालो, "पाच-सात वर्सं." पटेलाने मान हलवली. त्याच दिवशी आम्हाला रहायला झोपडी मिळाली, आणि साहेबांनी अमरावतीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं, की इतके मोकळे हृदय मी कोठेही पाहिले नाही.

त्या मोकळ्या हृदयाचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला. तोवर मी उपदेशाच्या वाटेला फारसा गेलोच नव्हतो. झोपडीमागे मी जमीन खणली, वाफे पाडले, वांगी-मिरची लावली, मेथी टाकली. पटेलाच्या घरी लाकडं फोडली, त्याच्या शेताची धस्कटं वेचली. याला मी सेवा म्हणत होतो. एके दिवशी सकाळी मी वाफ्यांना पाणी देत होतो, तेव्हा पटेलाची बायको, पटलीण, कुटकीच्या दाण्यांची पेज घेऊन आली. मी पेज पीत असताना ती बाजूला बसली आणि तिने सहज विचारलं, "थोरली का मधली?"

मी म्हणालो, "काय?"

"माया पोरीतली. तुले कोनती पसंत हाय?"

तिथे मला सगळा उलगडा झाला. कोरकूंमध्ये रीत आहे. ज्या मुलाजवळ मुलीच्या बापाला द्यायला काही नसतं, तो त्या बापाच्या घरी राहून काही वर्षं राबतो, आणि ठरलेली वर्षं भरली की मुलगी त्याला मिळते. अशा मुलाला ते लमझना म्हणतात. नवरी पाहायला आलो, मजुरी नको, पाच-सात वर्षं राहीन, असं सांगणारा माणूस लमझना नाही तर कोण? त्या दोन महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात मोठी भाकर, बायांचं हसणं, पटेलाचं मला मुद्दाम वाकडं लाकूड फोडायला देणं, या सगळ्याचा अर्थ मला एका घोटात कळला आणि पेज नाकात गेली.

त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. बाई, माझं लग्न झालं आहे, एवढेच शब्द. पण मी खोकलो, डोळे पुसले आणि म्हणालो, "पाहू ना. घाई काय हाय?"

एवढंच माझं खोटं. दिसायला केवढंसं आहे! पण त्यावर मी आठ महिने जगलो. मी मनाला समजावत होतो, की खरं कळलं तर ही माणसं आपल्याला घालवून देतील आणि साहेबांचं काम बुडेल. ते काही अगदीच खोटं नव्हतं. पण कबूल करायला बसलोच आहे तर पुरतं करतो. मला ते आवडत होतं. ख्रिस्ती झाल्यापासून पहिल्यांदा सारजाशिवाय दुसरं कुणीतरी माझी वाट पाहून जेवायला थांबत होतं. गावात आमच्याच लोकांनी मला पंगतीत वेगळं बसवलं होतं, आणि इथे मला चुलीजवळची जागा होती. ती मला सोडवत नव्हती. रोज संध्याकाळी साहेब सत्यावर बोलत, मी त्याचं वऱ्हाडी करून सांगे, आणि सांगताना पटेलाकडे पाहत नसे.

दिवाळी झाली आणि साहेबांना हिवताप भरला. पहिले दोन दिवस त्यांनी तो हसण्यावारी नेला. त्यांच्याजवळची कोयनेलची पुडी संपली तशी ताप उतरेनासा झाला. ते त्यांच्या भाषेत बडबडू लागले, मला ओळखेनात. भूमक्याने, म्हणजे वस्तीच्या वैद्याने, पाला वाटून पाजला, कपाळावर हात ठेवून मंत्र म्हटले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हा ताप मायाच्यानं नाही उतरत. याले खाली न्या."

मी धावत खाली उतरलो. घाटाच्या पायथ्यापासून एलिचपूरपर्यंत जी गाडी दिसेल तिच्यापुढे हात जोडले. सगळ्या गाड्यांवर कापूस. एका गाडीवानाने मान हलवली, दुसऱ्याने चाबूक हलवला, तिसरा तर गाडी न थांबवता म्हणाला, "पाद्रीबुवा, तुमच्या देवाले म्हना बोंडं वेचाले ये. मंग भेटन गाडी." छावणीतला डॉक्टर भला होता, पण डोंगरात येणं त्याला शक्य नव्हतं, त्याच्याकडे तापाचेच कितीतरी शिपाई पडले होते. त्याने औषधाची लहानशी पुडी दिली आणि रोग्याला चार दिवसांच्या आत घेऊन ये म्हणाला. परतीच्या वाटेवर मी देवाकडे दोन गोष्टी मागत होतो. एक गाडी मिळू दे, आणि दुसरी, मला कुणापुढे काही कबूल करावं लागू नये. तो घाट चढताना मी जितका रडलो तितका देवी आल्या होत्या तेव्हाही रडलो नव्हतो.

वस्तीवर परत आलो तेव्हा साहेब क्षीण झाले होते; पुडीतलं औषध कसंबसं त्यांच्या घशाखाली गेलं. वस्तीतली तरणी माणसं वेचणीच्या कामाला खालच्या गावांत गेली होती. उरले होते म्हातारे, बाया आणि पटेल. मी काही मागायच्या आधीच पटेलाने बाज बाहेर काढली होती, ती उलटी करून तिला दोन्ही बाजूंनी लांब बांबू बांधले होते. मला पाहून तो म्हणाला, "गाडी नाही भेटली ना? मले मालूम होतं. आमी नेतो. तुया मालक तो आमचा मालक. जावयाच्या मानसाले मरू कसं द्याचं?"

मला हवं ते मिळत होतं. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. बायांनी साहेबांच्या अंगाभोवती घोंगडी गुंडाळली, पटेलाची थोरली मुलगी बांबूच्या दोरीची गाठ ओढून पाहत होती, तिच्या कपाळावर घाम होता. ही मुलगी माझ्या साहेबांना खांद्यावर घेऊन दोन दिवसांचा घाट उतरणार होती, का, तर मी कधीतरी हिच्याशी किंवा हिच्या बहिणीशी लग्न करीन म्हणून. खरं सांगितलं आणि त्यांनी बाज खाली ठेवली तर साहेब मरतील. न सांगितलं तर साहेब जगतील, आणि त्यांना आणि मला दोघांनाही ज्याच्या नावाने आम्ही आलो त्याच्याकडे मान वर करून पाहता येणार नाही. मी मनात म्हणालो, प्रभू, मला काही सुचत नाही. साहेब तुझे आहेत. त्यांचं तुला जे करायचं ते कर.  विश्वासाने म्हटलं असं मी म्हणणार नाही. दुसरा उपायच उरला नव्हता.

"पटेल," मी म्हणालो, "बाज उचलाच्या आंधी ऐका. मी तुमचा लमझना नाही. माही बायको अमरावतीले हाय. लगन होऊन सात वर्सं झाली. मी तुमाले फसवलं."

 पटेलाने पटलिणीकडे पाहिलं. मग पटलीण पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली, आणि तिच्यामागून एकेक करत सगळ्या बाया. पटेल म्हणाला, "बोलला बाप्पा एकदाचा!"

मी खुळ्यासारखं विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"पह्यल्या महिन्यातच," पटलीण म्हणाली. "तू पानी पेतं अन् गडवा धुवून उपडा घालतं. भाकर खाल्ली का टोपलं झाकून ठेवतं. एकल्या मानसाले हे कोन शिकवते? बायकोचा धाक असल्याबिगर असा गडवा कोनी उपडा घालत नाही."

"मंग तुमी मले थोरली का मधली काहून विचारलं?"

"तू काय म्हनतं ते पाहाले!"

पटेल मात्र हसत नव्हता. तो माझ्याजवळ आला. "तू अन् तुया साहेब ज्या गोष्टी सांगता, त्या आयकाले बऱ्या लागतात," तो म्हणाला. "पन गोष्ट सांगनारा कसा हाय, हे पाहून राहिलो होतो. आठ महिने वाट पाह्यली तुयी. मले वाटलं, नाही बोलत हा आता."

माझी मान खाली गेली. लाजेने मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी छातीवरचं कसलं तरी ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं. मी कसंबसं विचारलं, "मंग आता बाज...?"

"आता काय?" पटेल खेकसला. "बोलत बसलो तं तो मरून जाईन. उचला!"

सहा बाया, पटेल, भूमका आणि मी अशा नऊ जणांनी आळीपाळीने साहेबांना खांद्यावर घेतलं. बांबूचं पुढचं टोक थोरल्या मुलीच्या खांद्यावर होतं, मागचं माझ्या. सिपना ओलांडताना तिने मागे वळून मला सांगितलं, "तुले वाटलं असन म्या रडीन. मले तू पसंतच नवता. धड कुऱ्हाड धरता येत नाही तुले." सगळा जथा हसला. मीही हसलो. आठ महिन्यांत मी इतकं मोकळं हसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाट संपला. सपाटीला लागल्यावर पहिल्याच नाल्यात कापसाने भरलेली एक गाडी चिखलात फसलेली दिसली. गाडीवान म्हातारा होता, एकटाच, आणि बैलांना, चाकाला, नाल्याला आणि अमेरिकेतल्या लढाईला शिव्या घालत होता. आमच्या बायांनी काही न विचारता साहेबांची बाज सावलीत ठेवली, चाकाला खांदे लावले आणि गाडी वर काढली. म्हाताऱ्याने पागोट्याने तोंड पुसलं आणि बाजेवर वाकून पाहिलं. "याले कुठं नेऊन राहिले?"

"छावनीतल्या डाक्टरकडं," मी म्हणालो.

"मंग पाहता काय? चढवा वर."

मी म्हणालो, "बावा, छावनी तुमच्या वाटेवर नाही. तुमचा बाजार हुकन."

"हुकू दे. कापूस उद्या बी कापूसच राहीन."

असं आमच्या साहेबांना कापसावर झोपवलं. त्या वर्षी सबंध वऱ्हाडात त्याहून महाग बिछाना नसेल. हादऱ्याने त्यांना शुद्ध आली, त्यांनी डोळे उघडले आणि अवतीभवती पांढरंशुभ्र पाहून क्षीण आवाजात मला विचारलं, "हे मेघ आहेत काय?" मी म्हणालो, "नाही साहेब, कापूस आहे." साहेबांनी थोडा विचार केला. "म्हणजे अजून वऱ्हाडातच आहे," ते म्हणाले आणि शांत झोपले. मी गाडीमागे चालत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. गाडी मी मागितली होती, ती मिळाली होती. पण ती देण्याआधी देवाने माझ्याकडून जे काढून घ्यायचं ते काढून घेतलं होतं.

छावणीच्या दाराशी आम्हाला उतरवून तो म्हातारा निघून गेला. घाईत मी त्याचं नाव विचारायला विसरलो. पुढे दोन वर्षं मी अकोल्यापासून अमरावतीपर्यंत प्रत्येक बाजारात त्याला शोधलं, तो सापडला नाही. तो देवदूत होता असा माझा दावा नाही. देवदूत इतक्या शिव्या देत नसावेत. पण ज्या रस्त्यावर मला सगळ्यांनी नाही म्हटलं होतं, त्याच रस्त्यावर एकाने हो म्हटलं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा ताप उतरला. तोवर पटेल, भूमका आणि सगळ्या बाया छावणीबाहेरच्या झाडाखाली बसून होत्या. साहेब मऊ भात खाऊ लागले, हे मी जाऊन सांगितलं तेव्हाच त्या उठल्या आणि घाटाकडे लागल्या. साहेबांना उठून बसण्याची शक्ती आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "आपण हे आठ महिने माझ्यापासूनही लपविले?" एवढंच विचारलं. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि ते मला कुठल्याही शिक्षेपेक्षा जास्त लागलं. त्यांनी माझा हात धरला. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "परंतु माझे प्रवचन कोणाला तरी समजले होते," ते म्हणाले. "वधू हवी आहे, इतके तरी त्यांना नीट कळले."

सारजाला सांगणं त्याहून कठीण होतं. मी अमरावतीला पोचलो तेव्हा ती भाकरी थापत होती. मी बोलत होतो तोवर तिने एक भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्यावर फुगवली. मग म्हणाली, "मले ते घर पाहाचं हाय." तिच्या आवाजावरून मला काही शुभ लक्षण दिसेना. संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. सबंध घाटात ती माझ्याशी चार शब्दांपेक्षा जास्त बोलली नाही, आणि भांडणासाठी ती शब्द साठवून ठेवत होती हे मला ठाऊक होतं.

पटलीण अंगणात उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सारजाने तोंड उघडलं, तेवढ्यात पटलिणीने तिचा हात धरला, तिला ओसरीवर बसवलं, पायांवर कोमट पाणी घातलं आणि आपल्या हाताने तिच्या पायांची धूळ धुतली. म्हणाली, "जावई तं खोटा निघाला, माय. पन लेक खरी हाय. आजपासून हे तुयं मायघर."

मला इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही ख्रिस्ती झालो त्या दिवसापासून सारजाच्या माहेरचं दार बंद होतं. सणाला नाही, आजारपणात नाही, बाप वारला तेव्हाही तिला कुणी बोलावलं नाही. सहा वर्षांत तिने हे मला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं, आणि मी उपदेशक असूनही कधी विचारलं नव्हतं. भांडायला आलेली माझी बायको त्या ओसरीवर पटलिणीच्या मांडीत डोकं घालून लहान मुलीसारखी रडली. पटेल बाजूला उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर कुऱ्हाड ठेवली आणि म्हणाला, "आता तं खराच जावई झाला. चाल, लाकडं फोड."

चुलीजवळच्या ज्या जागेसाठी मी खोटं बोललो होतो, ती मी सोडून दिली तेव्हा मला मिळाली, आणि ती मी मागितली होती त्याहून मोठी होती. हे माझ्या कर्तबगारीने झालं नाही. माझी कर्तबगारी एवढीच, की शेवटी माझ्या हातात काही उरलं नव्हतं म्हणून मी हात उघडले. लोक मला विचारतात, त्या वस्तीत किती जणांना तुम्ही ख्रिस्ती केलं? थोड्यांना, आणि तेही फार उशिरा. मला कुणी ख्रिस्ती केलं असं विचारलं, तर मात्र मी साहेबांच्या नावाबरोबर पटेलाचं नाव घेतो, जरी तो शेवटपर्यंत आपल्याच देवांचा राहिला.

पाच-सात वर्षांसाठी गेलेलो मी तिथे बावीस वर्षं राहिलो. आता आम्ही म्हातारपणी अमरावतीत आहोत. पटेल आणि पटलीण कधीच गेले, त्यांच्या थोरल्या मुलीलाही नातवंडं झाली. तरी दर वर्षी संक्रांत झाली की सारजा लुगडं गाठोड्यात बांधून तयार होते आणि शेजारणींना सांगते, "मायघरी चालली." मी तिचं गाठोडं डोक्यावर घेतो, देवाचे आभार मानतो आणि तिच्यामागून घाट चढायला लागतो.